चार बोटं वैजापूर

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी कपाटामागं महाराष्ट्राचा एक जुना नकाशा गुंडाळून ठेवलाय. शाळेत भिंतीवर टीव्ही आला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे आता रद्दीत द्या." मी "देते" म्हटलं आणि एसटीत मांडीवर आडवा धरून घरी घेऊन आले. नवऱ्यानं विचारलं, हे कशाला? म्हटलं, असू दे. त्या नकाशावर पैठणपासून वर, डाव्या हाताला, हळदीच्या बोटांचे चार ठसे आहेत. ते पुसायची माझी छाती होत नाही, आणि बघायचीही होत नाही.

पैठणच्या अलीकडं एका गावात मी चौथीला शिकवायचे. नकाशा शिकवायची माझी एक रीत होती, आणि तिचा मला भलता गर्व होता. आधी गावाचा नकाशा, मग राज्याचा. पट्टी कुणाकडं धड नसायची, म्हणून बोटांनी मोजायचं. फळ्यावर मी शाळा काढायची, विहीर काढायची, मधे चार बोटं अंतर सोडायची. सगळ्या वह्यांमध्ये शाळेपासून विहीर चार बोटं. प्रमाणाचा धडा पुढं होता. म्हटलं, घेऊ सावकाश, काय घाई आहे?

वर्गात एक मेंढपाळाची पोर होती. आईबाप कळप घेऊन वैजापूरकडं गेलेले. पिकं निघाली की तिकडचे शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीचं खत होतं म्हणून. आज या रानात, चार दिवसांनी त्या रानात. शाळा बुडू नये म्हणून पोरीला चुलतीजवळ ठेवलं होतं. ती रडायची नाही, कुणाशी भांडायची नाही. फक्त जेवायची नाही. खिचडीचं ताट पुढ्यात घेऊन बसायची आणि शितं इकडून तिकडं सारायची.

मी मुळात तापट. त्या दिवशी वैतागूनच म्हटलं, "अगं, खा की गं! उपाशी राहून आई येणार आहे का?"

ती म्हणाली, "मॅडम, वैजापूर लई लांब हाय का?"

आता खरं सांगायला काय झालं होतं? पण तिनं दोन घास खावेत, एवढंच माझ्या डोक्यात. भिंतीवरच्या नकाशावर मी पैठणपासून बोटं टेकवली. "हे बघ. एक, दोन, तीन, चार. चार बोटांवर तर आई आहे तुझी. खा बरं आता."

तिनं ताट चाटूनपुसून खाल्लं. मग हात न धुताच नकाशाजवळ गेली आणि माझ्यासारखीच चार बोटं टेकवली. नकाशा खराब केला म्हणून मी तिच्यावर ओरडले.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिचं दप्तर जागेवर होतं, ती नव्हती. घरी गेली असेल म्हणून दोन पोरींना पाठवलं. उलट चुलतीच धावत आली. बघता बघता माणसं विहिरीवर जमली. कुणीतरी गळ आणला, दोर सोडला. तिची वही उघडीच पडली होती. शाळा, विहीर, मधे चार बोटं. ती बघितली आणि मला उमगलं. पोरीनं हिशोब बरोबर केला होता. विहीर चार बोटं, वैजापूर चार बोटं. म्हणजे विहिरीला जायला लागतो तेवढाच वेळ.

चुलतीनं माझा हात धरला. "मॅडम, तुमाला काय बोलली व्हती का वो?"

मी म्हणाले, "नाही."

मला नोकरीची भीती वाटली. लोक काय म्हणतील, याची भीती वाटली. गळ पाण्यात खालीवर होत होता, चुलती ऊर बडवत होती, आणि पोर कुठल्या वाटेला लागली असेल हे माहीत असून मी गप्प उभी होते. तासभर तरी. शेवटी मुख्याध्यापकांना म्हटलं, "वैजापूरच्या वाटेला गाडी पाठवून बघा. माझा आपला अंदाज."

दिवस मावळता मावळता ती सापडली, वैजापूरच्याच रस्त्यावर एका मोरीच्या कठड्यावर बसलेली. पायाला फोड आले होते, आणि एकच चप्पल उरली होती. सगळ्यांनी विचारलं, कुठं निघाली होतीस, कुणी सांगितलं? तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी आई आली, पोरीला कळपाबरोबर न्यायला. मी म्हटलं, शाळा बुडेल. ती म्हणाली, "बुडू द्या. जित्ती तर हाय." आणि तिथंच वर्गात, सगळ्या पोरांसमोर, वाकून माझ्या पायाला हात लावला. "मॅडम, तुमी वाट सांगितली म्हनून घावली माझी लेक."

पोर तिच्या मागं उभी होती. मी खरं काय ते सांगेन, म्हणून वाट बघत असावी. मी आईला उठवलं, "असू द्या, असू द्या," म्हणाले, आणि हजेरीपट उघडला.

ती परत आली नाही. पुढं मी दर वर्षी प्रमाणाचा धडा आधी घेतला. पोरं विचारायची, मॅडम, नागपूर किती लांब? मी आधी एसटीला किती तास लागतात ते सांगायची, मगच नकाशाला हात लावायची.

परवा घरी कुणी नव्हतं, तेव्हा नकाशा उलगडला. हळद फिकी झालीय, पण दिसते. तिच्या बोटांशेजारी माझी चार बोटं टेकवून बघितली. माझी वैजापूरला पोचतात. तिची पोचत नाहीत, लेकराचीच बोटं ती, अर्ध्यातच संपतात. हे तिलाही त्या दिवशी दिसलं असणार. तरी ती निघाली, कारण मी चार म्हटलं होतं.