खुंटीवरची माकडटोपी

काकूंचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या ऑफिसात होते. "अगं, काका गेले... झोपेतच," त्या म्हणाल्या. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो खांबाचा. आता त्याच्याकडे कोण बघणार?

सुधाकरकाका मूळचे नागपूरचे, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. आमच्याकडून तासाभरावर, इंग्लंडातून आलेल्या सुतारांनी तिकडच्या पद्धतीनं उभारलेलं एक जुनं घर आहे. ओकचे खांब, ओकच्याच तुळया, सांगाड्यात खिळा नाही. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची जीभ बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. कोपऱ्याचा एक खांब कुजला आणि घर पाडून पार्किंग करायचं ठरलं. मी पेटले. पत्रकं छापली, दुकानांबाहेर वाटली. काकांनी एक वाचलं. "भाषण झकास आहे गं. पण त्यावर खांब उभा राहतो का?" मग आम्हा चार सॉफ्टवेअरवाल्यांना त्यांनी दर रविवारी कामाला जुंपलं, नवा खांब बसवायला.

खुंटीसाठी मी खाचेचं आणि जिभेचं भोक अगदी समोरासमोर आखलं. काका हसले. "यार, हा काय प्रोग्रॅम आहे? जिभेचं भोक किंचित मागे सरकव. मग ठोकताना खुंटीच सांधा ओढून घेते." ताजा ओक वाळताना आकसतो, सांधा सैल होतो, म्हणून खुंटीचं टोक कापायचं नाही, गरज पडली की पुन्हा ठोकायची. सैल झालाय का, हे काका माझं पत्रक फटीत सरकवून बघत. "बघ, शेवटी कामाला आलं!" बाहेर आलेल्या त्या टोकावर ते आपली माकडटोपी अडकवत.

नवा खांब बसल्यावर नगरपालिकेच्या इमारत-तपासनीसानं वसंतापर्यंत मुदत दिली. तोवर सांधा उघडला तर घर पाडणार. काका हिवाळ्यातच गेले... माणसांनी हातानं उभारलेलं घर गाड्यांसाठी पाडायचं आणि त्याला प्रगती म्हणायचं, याविरुद्ध मी हवं तितकं लिहीन. पण लाकूड माझं पत्रक वाचत नाही.

मागच्या रविवारी पत्रक फटीत शिरलं. विचारायला कोणीच नव्हतं. मी काकांची तिथेच राहिलेली टोपी काढून खिशात ठेवली, लाकडी हातोडा उचलला आणि ठोकलं. भीत भीत, मग जोरात. पुन्हा पत्रक लावलं. अडलं.

टोपी परत अडकवली. वसंत अजून लांब आहे आणि खुंटी पूर्वीपेक्षा कमी बाहेर उरलीय... टोपी अडकण्याइतकी आहे अजून.