मारेल तो आणेल

पहिले दोन गेम हातचे गेले होते आणि तिसऱ्यात सानिका चार-आठने मागे होती. महाडच्या हॉलमध्ये जिल्हा संघाची निवड चाचणी चालू होती. एकच जागा उरली होती. ही मॅच जिंकेल ती संघात. समोरची मुलगी असे फोरहँड हाणत होती की आम्ही बाकावर बसूनही दचकत होतो. मी टाइम-आउट मागितला. तो मॅचमध्ये एकदाच मिळतो, तोही एका मिनिटाचा.

मी टेबल टेनिसचा कोच. सानिका पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची, अकरावीला इकडे आलेली, बिरवाडीत मावशीकडे राहणारी. यंदा निवड नाय झाली तर बॅट बंद, पोरगी मुंबईला काकाकडे, असं तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं. मुंबईला जायचं म्हटलं की तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

आठ महिने मी तिला एकच शिकवत होतो: मार. हल्लीचा खेळ टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडू पुढे फिरवत मारायचा, टप्पा पडला की तो अंगावर येतो. माझे सगळे विद्यार्थी तसेच खेळतात, कारण मी तसा खेळायचो. ही मात्र टेबलापासून मागे सरकायची, चेंडू पार गुडघ्याशी येऊ द्यायची आणि मारायला उचललेला हात ऐन वेळी आखडायची. 'लेट, लेट' ओरडून माझा घसा बसला. पोरगी भित्री आहे, असं निदान करून मी मोकळा झालो होतो.

"हात का आखडतेस गं?" मी विचारलं. सूचना हजार दिल्या असतील, हा प्रश्न पहिल्यांदाच.

ती घाम पुसत म्हणाली, "सर, मारला का वाटतं, आता मलाच आणाय लागंल."

मला काही कळेना. मग तिने भराभर सांगितलं. वाडीवर शाळेच्या पडवीत दोन बाकं जोडून टेबल, मध्ये विटांची नेट. पडवीखाली उतार, चेंडू सुटला की थेट ओढ्यात. म्हणून तिथला नियम, मारेल तो आणेल.

"मग पॉइंट कसा काढायचीस?"

"कापून द्यायचा, सर. समोरचा कटाळून मारतो. मंग जातो उतरून खाली."

कापून देणं म्हणजे आमचा चॉप. बॅट विळ्यासारखी वरून खाली ओढायची. चेंडू उलटा फिरत जातो आणि समोरच्याने नेहमीसारखा मारला की नेटमध्ये शिरतो. असा खेळाडू घडवायला वर्षं लागतात. मला आयता मिळाला होता आणि मी आठ महिने तो मोडत बसलो होतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मला माझीच लाज वाटली.

"तसंच खेळ," मी म्हटलं.

"तुमी वरडाल."

"नाही ओरडणार."

एकदा 'लेट' तोंडात आलं, ते गिळलं. सानिका मागे सरकली आणि कापत राहिली. समोरचीचे चेंडू नेटमध्ये जायला लागले, मग ती चिडून आणखी जोरात मारायला लागली. तिसरा गेम बारा-दहा, चौथा त्याहून सोपा. पाचव्यात सानिका दहा-आठने पुढे असताना समोरचीने जीव खाऊन मारलेला चेंडू टेबल ओलांडून मागच्या खुर्च्यांखाली गेला.

मॅच संपली होती. सानिका जागची हलली नाही, शांतपणे समोरचीकडे बघत राहिली. वाडीच्या नियमाने चेंडू तिनेच आणायचा होता. शेवटी मीच गुडघ्यांवर बसून खुर्चीखालून काढला.

वडिलांना फोन केला. पोरगी संघात आली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "ऱ्हावंदे मंग तितंच."

आता कोणी नवीन शिकायला आलं की बॅट कशी धरतो ते मी नंतर बघतो. आधी विचारतो, तुमच्याकडे चेंडू कोण आणतं?