कालेर्वोमामांची किंकाळी

समजा, तुम्हाला किंचाळायचं आहे. पोटातून, जीव खाऊन, मरताना माणूस ओरडेल तसं. समोर कॅमेरा आहे, डोक्यावर काठीला टांगलेला माइक आहे, आणि बीटच्या रसाने माखलेली एक बाई दारात उभी राहून तुमची वाट बघते आहे. आता एवढंच आणखी समजा, की सत्तरी उलटली तरी आजवर तुम्ही कुणावरही आवाज चढवलेला नाही. बायकोवर नाही, कुत्र्यावर नाही, आणि होडी खडकावर आपटली तेव्हा त्या खडकावरही नाही.

करा सुरुवात.

कालेर्वोमामांना नेमकं हेच जमत नव्हतं.

मामा खरे मिर्याचे, पण त्या आठवड्यात ते आम्हा सगळ्यांचेच मामा झाले होते. मिर्या तुर्कू शहरात दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिला बरीच वर्षं एक भुताचा सिनेमा काढायचा होता. कथा तिची, कॅमेरा भावाकडून मागून आणलेला, आणि बेट मामांचं. दवाखान्यात दात साफ करणारी साइला भूत झाली. तिच्या खुर्चीत बसून ज्यांनी तोंड उघडलं आहे, त्यांना या निवडीचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मी आवाजाच्या यंत्रांवर काम करतो, म्हणून माइक माझ्या हातात आला.

अडचण एवढीच होती, की जुलैशिवाय आम्हाला कुणाला सुट्टी नव्हती आणि जुलैत आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, रात्रीही अंधार नसतो. भुताला तर अंधार लागतो. मग आम्ही घराच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या. आत रात्र झाली, पण भट्टीसारखी. साइलाच्या अंगावरचं रक्त घामाने ओघळून चटईवर उतरायचं आणि माश्या तिचा पाठलाग करायच्या.

"निदान माश्या तरी मला घाबरू देत," साइला म्हणायची.

सिनेमात मामा पहिले मरणार होते. बेटावर एकटा राहणारा म्हातारा कोळी, दारात भूत, एक किंकाळी, खेळ खलास. ती किंकाळी मग सिनेमाभर पुन्हा पुन्हा ऐकू येणार होती. म्हणजे मामांचा चेहरा पाच मिनिटं आणि आवाज शेवटपर्यंत. मामांनी हे काम मनापासून घेतलं होतं. कोळ्याचा सदरा त्यांनी स्वतः धुतला, मग सिनेमात तो मळका हवा म्हणून स्वतःच मळवला. आयुष्यभर त्यांनी सामुद्रधुनीवरची पिवळी फेरीबोट चालवली. मोटारी चढवायच्या, पलीकडे उतरवायच्या, चालकाकडे बघून मान हलवायची. ओरडायचं काम भोंग्याकडे होतं.

पहिल्या प्रयत्नात साइला समुद्रातून निथळत आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. मामांनी तिला खालून वर न्याहाळलं.

"पाय पूस," ते म्हणाले.

"मामा!" मिर्या कॅमेऱ्यामागून ओरडली. "ती भूत आहे!"

"असेल की. पण फरशी ओली होते आहे."

दुसऱ्या वेळी त्यांनी तोंड पुरतं उघडलं, छाती भरून घेतली, आणि हळूच "ओ" असा आवाज काढला. कुणी हाक मारल्यासारखा. तिसऱ्या वेळी आम्ही त्यांना न सांगताच साइलाला लाकडांच्या खोपटात लपवलं. मामा सरपण आणायला गेले तशी तिने झेप घेतली. मामांनी मान लववून तिला नमस्कार केला आणि जाता जाता तिच्या हातात दोन लाकडं दिली.

"तुला कधी भीतीच वाटली नाही का रे?" मिर्या रडकुंडीला आली होती.

"वाटली की. पुष्कळदा."

"मग तेव्हा काय केलंस?"

"गप्प बसलो. भीती काही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची गोष्ट आहे का?"

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळच्या आत आम्हाला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडणार होता. सकाळच्या कॉफीला मिर्याने तिचा संगणक टेबलावर ठेवला.

"मामा, राहू दे आता. तू फक्त तोंड उघड. आवाज मी यातून लावते. तयार किंकाळ्या मिळतात."

तिने एक वाजवून दाखवली. कुठला कोण परका माणूस, चिमटीत सापडल्यासारखा केकाटला. मामांनी कप खाली ठेवला.

"हा कोण?"

"माहीत नाही. कुणीतरी असेल."

"म्हणजे माझ्या तोंडातून हा ओरडणार? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मामा खिडकीशी गेले, घोंगडीचा कोपरा उचलून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मिर्ये, मला ओरडता येत नाही असं नाही. पण समोर अल्पो आहे."

अल्पो म्हणजे समोरच्या बेटावरचा शेजारी. मधे पाण्याची अरुंद पट्टी. त्याच्या धक्क्यावरची लाल होडी आमच्या पायरीवरून स्पष्ट दिसायची.

"मग?"

"इथे कुणी उगाच ओरडत नाही. ओरडला म्हणजे बुडतो आहे. अल्पोने ऐकलं तर होडी काढून येईल. त्याचा गुडघा दुखतो. आणि येऊन बघणार काय, तर मी धडधाकट, आणि ही साइला बीट लावून उभी."

आठवडाभर आम्हाला वाटत होतं की मामांना अभिनय येत नाही. त्यांना नुसता शेजारधर्म आडवा येत होता!

"अरे, मग फोन करून सांग ना त्याला!" साइला म्हणाली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत खरी भीती दिसली. "फोन केला की बोलावं लागतं."

"मी करते," मिर्या म्हणाली.

"तू केलास तर त्याला वाटेल मी आजारी आहे."

तो विषय तिथेच संपला. मिर्या संगणकावर दुसरी किंकाळी शोधू लागली. हा माणूस आधीच्यापेक्षाही पिचक्या आवाजाचा होता. मामांनी ती पूर्ण ऐकून घेतली, टोपी डोक्यावर चढवली आणि माझ्या खांद्याला हात लावला.

"तू चल. यंत्र घे. पण माझ्याकडे बघू नकोस."

आम्ही बेटाच्या टोकाच्या खडकावर गेलो. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि माइकची काठी मागच्या मागे उंच धरली.

"मामा, आधी एकदा बारीक ओरडून दाखवा. आवाज किती ठेवायचा ते ठरवतो."

"एकदाच ओरडणार. माणसाने एका दिवसात किती खोटं बोलायचं?"

मी अंदाजाने बटण फिरवलं आणि देवाचं नाव घेतलं. कानात आधी वारा ऐकू आला, मग मामांचा श्वास. मग अगदी हळू, खडकालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ते म्हणाले, "माफ कर रे, अल्पो."

आणि ओरडले.

ते कसं होतं, हे लिहून सांगणं कठीण आहे. माझ्या यंत्रावरचा काटा लालमध्ये गेला आणि तिथेच थरथरत राहिला. खडकावरचे झाडून सगळे पक्षी उडाले. घराच्या पायरीवर सँडविच खात बसलेल्या साइलाने जीभ चावली, त्यामुळे त्या दिवशी खरं रक्तही मिळालं. बोटीवरच्या इतक्या वर्षांची सगळी न बोललेली वाक्यं एकदम बाहेर आल्यासारखा तो आवाज होता. मी वळलो तर मामा टोपी सारखी करत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, मामा."

"मग चल. अल्पो येईल. कॉफी ठेवायला हवी."

त्यांनी कॉफी ठेवली, वेलचीचा गोड पाव कापला, अल्पोसाठी चांगला कप काढला. मग धक्क्यावर जाऊन उभे राहिले. तिकडे मिर्या कानाला यंत्र लावून आनंदाने नाचत होती. मामांचं लक्ष नव्हतं. लाल होडी जागची हलली नाही. बाकावर बसलेला अल्पो आम्हाला दिसत होता. आमच्याकडेच बघत होता. थोड्या वेळाने तो उठला, आणि घरात गेला.

"ऐकू गेलं नसेल," मी म्हणालो.

"पक्ष्यांना ऐकू गेलं," मामा म्हणाले.

त्यानंतर दोघं बरेचदा दुकानात भेटले. बटाट्यांवर बोलले, वाऱ्यावर बोलले. त्या ओरडण्याबद्दल कुणीच शब्द काढला नाही.

शरद ऋतूत गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. अल्पो आला, मामांच्या शेजारी बसला. पडद्यावर दार उघडलं, भूत दिसलं. मिर्याने त्या दिवशीचा आवाज जसाच्या तसा लावला होता, एक श्वासही कापला नव्हता. हॉलभर मामांची कुजबुज घुमली, "माफ कर रे, अल्पो," आणि मग किंकाळी. पुढच्या रांगेतल्या बाईच्या हातातली कॉफी सांडली. मग सगळा हॉल मागे वळून अल्पोकडे बघू लागला.

अल्पो मामांकडे झुकला. "माफी कशाची?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"त्रास कसला? मी आलोच नाही."

"हो. ते बघितलं मी." मामा पडद्याकडे बघत राहिले. "का नाही आलास?"

अल्पोने बराच विचार केला. "तू एकदाच ओरडलास. मग शांत झालं. म्हटलं, जे काय होतं ते मिटलं असेल. शिवाय, एवढा ओरडतो आहेस म्हणजे काहीतरी खासगी असणार."

मामांनी मान हलवली. सिनेमा संपल्यावर अल्पो त्यांच्या पाठीवर थाप मारून "छान ओरडलास" म्हणाला, आणि दोघं आपापल्या होडीने घरी गेले.

आता मिर्याकडे पुढच्या सिनेमाची कथा तयार आहे आणि त्यातही पहिली किंकाळी मामांचीच आहे. ते नाही म्हणत नाहीत. पण मी बेटावर गेलो की कॉफी ओततात, लाल होडीकडे बघतात आणि अल्पोच्या त्या "एकदाच ओरडलास"चा विषय काढतात.

"अल्पोलाच विचारा ना, मामा," मी परवा म्हणालो.

"विचारलं तर त्याला वाटेल मी रागावलो आहे." त्यांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "मी रागावलेलो नाही. मला एवढंच कळायला हवं. भूत खरं असतं आणि पहिल्या किंकाळीतच मी संपलो असतो, तर दुसऱ्यांदा ओरडायचं कुणी?"