निबंधातली आई

मृणालताईंची आणि माझी ओळख सिंगापूरला, क्लेमेंटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये झाली, आणि पहिल्याच महिन्यात मी त्यांच्यासमोर तोंडघशी पडलो. चीनहून शिकायला आलेल्या मुलांना त्या दर शनिवारी इंग्रजी शिकवत असत. चांगीच्या ऑफिसला सुटी म्हणून मी मदतीला जाई.

तिथे चौदा वर्षांची श्याओ-युन होती. शाळाप्रवेशाच्या परीक्षेआधी तिने आईवर निबंध लिहिला. तापाने फणफणलेल्या लेकीला पाठीवर घेऊन आई दवाखाना गाठते आणि तिथेच प्राण सोडते. वाचून माझे डोळे भरले. पुढच्या शनिवारी संत्र्यांची पिशवी घेऊन एक बाई दारात उभ्या. "मी आई. श्याओ-युन," त्या मोडक्या इंग्रजीत हसून म्हणाल्या. मी तीनताड उडालो. त्याहून मोठा धक्का म्हणजे तोच निबंध, स्वल्पविरामासकट, शेजारच्या मुलीच्या वहीतही निघाला.

"ही चोरी आहे. मी शाळेला कळवणार," मी श्याओ-युनला सुनावलं. कळवलं असतं तर प्रवेश गेला असता, आणि लेकीसाठी नोकरी सोडून आलेल्या त्या माउलीला परत फिरावं लागलं असतं.

मृणालताईंनी आवाज चढवला नाही. तिला एवढंच विचारलं, "असे आणखी किती येतात?" ती ताठ उभी राहिली आणि एकामागून एक अकरा निबंध घडाघडा म्हणाली. जवळपास प्रत्येकात कोणीतरी मरत होतं. चीनमधल्या तिच्या शाळेत चांगले निबंध मुखोद्गत करणं हाच अभ्यास होता. इथे त्याला चोरी म्हणतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"अहो कुलकर्णी, पाढे काय तुम्ही स्वतः रचले होते?" ताई मला म्हणाल्या. मग त्या उठल्या आणि माझ्या वतीने त्यांनी हात जोडून त्या पोरीची माफी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी तिला आईबद्दल फक्त चार खऱ्या ओळी लिहायला सांगितल्या. त्याला तीन शनिवार लागले. 'माझी आई जिवंत आहे. ती घोरते. इथे तिला बोलायला कोणी नाही. म्हणून ती संत्री वाटते.' परीक्षेतही तिने असंच मोडकंतोडकं, पण स्वतःचं लिहिलं. एक इयत्ता खाली का होईना, प्रवेश मिळाला.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. शनिवारचा वर्ग आता श्याओ-युन घेते. ताईंच्या या गौरवग्रंथासाठी माझ्यासारखी तीही लिहिते आहे. मी भीतभीतच विचारलं, शेवट काय केलास?

"सर, ह्यात कोणी मरत नाही, लाह," ती सिंगापुरी लकबीत म्हणाली.

ताईंना उदंड आयुष्य चिंतणारी दोन वाक्यं मी योजून ठेवली होती. ती खोडली. श्याओ-युनचंच खरं होवो.