तांदळाखालची अन्नपूर्णा

सासूबाईंना माझ्या सगळ्या सवयी पाठ होत्या, फक्त तांदळाची तेवढी त्या विसरल्या. रोजच्यापुरता तांदूळ निवडणं मला जमत नाही. डबा आला की सगळा ओतायचा, एकदाच निवडायचा आणि मोकळं व्हायचं. विरारजवळच्या नंदाखाल गावी, आमच्या घरी, त्या यावरून मला चिडवायच्या, "पंगत बसवतेस काय गो?" ही सवय त्यांना आठवली असती, तर लिस्बनमध्ये मी आणखी आठवडाभर खुळ्यासारखी हिंडत राहिले असते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरारच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायची. बरीच वर्षं हंगामी म्हणून राबल्यावर नुकतंच मला कायम केलं होतं. दर हिवाळ्यात मुलांना वसईच्या किल्ल्यात न्यायचं आणि पडक्या कमानींखाली उभं राहून पोर्तुगीजांवर घसा कोरडा करायचा, हे माझं ठरलेलं. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत नवरा म्हणाला, "कंपनी पंधरा दिवसांसाठी लिस्बनला पाठवतेय. तूही चल, किल्ला बांधणाऱ्यांचं गाव बघ," तेव्हा मी लगेच बॅग भरायला घेतली. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, ही म्हण मी दुसऱ्यांना कितीदा ऐकवली असेल.

तांदळाचा डबा सासूबाईंनी स्वतः भरला. झाकणावर सुतळी आवळून बांधली आणि मला हात लावू दिला नाही. मला त्यात माया दिसली. दिसणारच. कायम झाल्याचं कळलं तेव्हा मी पेढा आधी त्यांच्या हातावर ठेवला होता. त्यांचं माहेर नायगावच्या खाडीकडचं, भातशेतीचं. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई वाडीभर सांगत फिरली होती, "माजी सून मास्तरीन हाय, कायमची." सकाळी मी निघायच्या आत माझा डबा तयार असायचा.

लिस्बन सुंदर होतं, ते नाकारून काय करू? सगळं गाव चढउतारावर, घरांच्या भिंतींना निळ्या फरशा, अरुंद गल्ल्यांतून खडखडत जाणारी ट्राम. एका दुकानाबाहेर मीठ लावून सुकवलेल्या मोठाल्या माशांचा असा वास आला की मला वसईचा सुका बाजार आठवला आणि मी तिथेच हसत सुटले. एका जुन्या चर्चच्या दारावरचं नक्षीकाम बघून तर मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. आमच्या किल्ल्यातली कमान धड असती, तर अशीच दिसली असती. पुढच्या सहलीला मुलांना काय काय सांगायचं, ते मी मनात घोळवत होते.

नवरा मात्र चमत्कारिक वागत होता. आम्हाला राहायला हॉटेल नव्हतं, स्वयंपाकघर असलेली जागा होती. त्याने मोठं पातेलं विकत आणलं. खिडकीला पडदा कुठला लावावा, असं विचारलं. "ऊन बरं येतं ना इथे?" असंही दोनदा विचारून झालं. पंधरा दिवसांच्या उन्हाची एवढी काय चौकशी, असं मला वाटलं.

मग एका सकाळी मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. तांदळाबरोबर लाल फडक्याचं एक गाठोडं घरंगळलं. आत माझी अन्नपूर्णा होती.

लग्नात आईने दिलेली ही पितळेची एवढीशी मूर्ती. सासरी आले त्या दिवसापासून ती तिथल्या देवघरात, वाटीतल्या तांदळात उभी होती. आमच्या घरची रीत अशी, की सुनेची अन्नपूर्णा देवघरातून एकदाच हलते, त्या सुनेची चूल वेगळी होते तेव्हा. मोठ्या जावेची अशीच हलली होती, माझ्यासमोर. पंधरा दिवसांच्या फिरतीवर देव कोणी बांधून देत नाही.

नवरा दाढी करत होता. मी मूर्ती त्याच्यासमोर धरली.

"किती दिवसांसाठी आलोय आपण?"

त्याने आरशातच बघत सांगितलं, "दोन वर्षं. फार तर तीन."

"आणि माझी शाळा?"

"नंतर मिळेल की दुसरी."

"अरे, मला सांगायचंस तरी!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

"आईच म्हणाली, आधी घेऊन जा, मग सांग."

नवऱ्याचा राग आला, पण तो सरळ राग होता. सासूबाईंवर मला नीट रागावताही येईना. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तांदूळ संपत येईपर्यंत मी तिथे रुळेन, एवढा अंदाज बांधून त्यांनी मूर्ती तळाशी ठेवली होती.

कोपऱ्यावरच्या फोनवरून मी नंदाखालला फोन लावला. माझा आवाज ऐकूनच त्या समजल्या.

"सांगितलं असतं तं तू गेली नसती," त्या म्हणाल्या. "आनि तो एकटा रायला असता तं तिकडचाच झाला असता."

"मला वाटायचं, मी तुमची मुलगी आहे."

"हायेस गो. पन पोटचं ते पोटचं."

मी रिसीव्हर ठेवला आणि रस्त्यात उभी राहून रडले. शहर बघायचे माझे दिवस तिथेच संपले.

व्हिसासाठी परतीचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून माझंही काढलेलं होतं. त्यांच्या खोटेपणातली तेवढी एक गोष्ट माझ्या कामी आली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी वर्गात हजर होते. नंदाखालला मात्र गेले नाही. विरारशेजारच्या तुळिंजला एक खोली भाड्याने घेतली आणि वाटीत तांदूळ घालून अन्नपूर्णा उभी केली.

सासूबाई केळ्यांचा फणा घेऊन आल्या. "घरी चल," म्हणाल्या.

"आई, चूल तुम्हीच वेगळी करून दिलीत. आता ती वेगळीच राहू दे."

त्या बसल्या. मी चहा दिला, तो प्यायल्या. जाताना अन्नपूर्णेला हात जोडले, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

दोन वर्षांनी नवरा आला तो थेट तुळिंजला. बॅग हातात, चपला उंबऱ्याबाहेर काढलेल्या.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

माझ्या आयुष्यातलं काही ठरवण्याआधी त्याने मला विचारायची ही पहिलीच वेळ होती.  भात होत आला होता, आधी तो उतरवला.