प्रिस्काकाकीने तोंड मिटलं

प्रिस्काकाकीला गाताना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बाई कुणाशी तरी भांडतेय. एक हात कमरेवर, दुसरा कानावर, डोळे गच्च मिटलेले आणि कपाळाला आठ्या. आवाज मात्र असा निघतो की ऐकणारा जागच्या जागी थांबतो. गिरीज गावात आमची आणि तिची वाडी लागून आहे. सकाळी केळीला पाणी सोडताना ती गुणगुणते आणि आमच्या घरातले सगळे गजराशिवाय उठतात. सत्तरी केव्हाच ओलांडली, पण अजून लाल लुगडं नेसते, पडवळाचा मांडव स्वतः बांधते, आणि चर्चमध्ये कुणी सुराला सोडून गायलं की मागे वळून बघते. त्या बघण्याला अख्खी आळी टरकून आहे.

गाणं तिला वडिलांकडून मिळालं. ते चर्चमध्ये गायचे, अगदी लॅटिनसुद्धा, अर्थ न कळता आणि एक अक्षर न चुकता. पेटी नाही, व्हायोलिन नाही, नुसता गळा. प्रिस्काकाकीचंही तसंच. कीबोर्डाबद्दल तिचं मत विचारलंत तर ती म्हणते, छातीत दम नसलेल्यांची ती सोय आहे. निकोलसकाका होते तेव्हा तिच्या गाण्यावर काही बोलायचे नाहीत. "एका घरात एकानं गावं, दुसऱ्यानं ऐकावं, म्हणजे संसार टिकतो," एवढंच म्हणायचे. आता काका नाहीत, मुलगी लग्न होऊन नंदाखालला असते, आणि काकीच्या घरात ऐकायला कुणी नाही.

आमच्या आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. मे महिना मारियामातेचा, म्हणून त्या महिन्यात रोज संध्याकाळी सगळी आळी क्रूसाकडे जमते. आधी जपमाळ, मग लदीन, म्हणजे मातेची एकेक पदवी घ्यायची आणि सगळ्यांनी एका सुरात विनवणी करायची. रोज एका घराची पाळी असते. ज्याची पाळी त्याने क्रूसाला हार घालायचा, मेणबत्त्या लावायच्या, शेवटी उकडलेले चणे वाटायचे, आणि पहिलं गीत त्याच्याच घरातल्या माणसाने काढायचं. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण तो मोडायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही. ज्यांच्या घरात गाणारं कुणी नाही ते प्रिस्काकाकीला आपल्या घरची म्हणून पुढे करतात. त्यामुळे मे महिन्यात काकी बहुतेक रोज कुणाच्या ना कुणाच्या घरची असते.

यंदा पहिल्याच दिवशी माशी शिंकली. पाळी होती एरॉलच्या घराची. एरॉल हा काकीच्या धाकट्या दिराचा मुलगा. अंधेरीला नोकरी, भरघोस दाढी, स्वभावाने गोड. मध्यंतरी तो कुठल्याशा प्रार्थना-शिबिराला जाऊन आला होता, जिथे हात वर करून, टाळ्या वाजवून, मोठमोठ्याने देवाची स्तुती करतात. तेव्हापासून त्याला आळीतलं गाणं फार मरगळलेलं वाटू लागलं होतं. त्या दिवशी तो क्रूसाकडे स्पीकर घेऊन आला, आणि एक लाकडी खोकं. त्या खोक्यावरच बसायचं आणि त्यालाच बडवायचं. पहिलं गीत त्याने काढलं ते हिंदी, आणि असं दणदणीत की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून भुंकायला लागली. तरुण पोरं मात्र टाळ्या वाजवत पुढे सरकली.

गीत संपल्यावर काकी म्हणाली, "एरॉल, वरात कुणाची हाय रे?"

"काकी, देवासमोर आनंदाने गायलं तर काय प्रॉब्लेम आहे?"

"आनंद हाय तर मग बडवतोस कुणाला?"

"अगं, तुझं गाणं सुरू झालं की पोरं झोपतात. म्हणून तर येत नव्हती. आज बघ किती आलीत!"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. काकीने क्रूसाला हात लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे खोकं इथं वाजंल तोवर माझं तोंड मिटलेलं."

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं आणि दोघंही तितकेच हट्टी. काकीची चाल संथ आहे, फारच संथ. तिची एक ओळ संपेपर्यंत तोच डास दोनदा चावून जातो. पण त्या चालीत दात पडलेली म्हातारी माणसंसुद्धा मागे राहत नाहीत, आणि कुणी मागे राहू नये म्हणूनच ती तशी गाते. दुसरीकडे, जी पोरं संध्याकाळभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची ती एरॉलमुळे क्रूसासमोर उभी राहायला लागली, हेही काही थोडं नाही. आळीत दोन तट पडले. फादर एकदा येऊन गेले. देवाला दोन्ही चालतं असं म्हणाले, चहा प्यायले आणि कुणी आणखी काही विचारायच्या आत निघाले.

खोकं रोज वाजत राहिलं, आणि काकीही रोज यायची. पुढच्याच खुर्चीवर बसायची, हातात जपमाळ, ओठ घट्ट. तिच्या आवाजाशिवाय लदीनचा सूर पाय फुटल्यासारखा वाटेल तिकडे जायला लागला. सकाळचं गुणगुणणंही बंद पडलं. पाणी सोडायला यायची, सोडायची, निघून जायची. मी कुंपणापाशी उभं राहून काही विचारलं तर हो-नाहीत उत्तर द्यायची. मला तिची मनापासून काळजी वाटायला लागली. न गाणारी काकी म्हणजे दुसरीच कुणी म्हातारी होती, आणि ती मला आवडत नव्हती.

मग बळीरामची पाळी आली. बळीराम आमचा पलीकडचा शेजारी, खाडीकडच्या शेतकरी घरातला. हिंदू आहे, पण आजोबांच्या वेळेपासून मे महिन्यातली एक पाळी त्यांच्या घराची. त्याची बायको सत्यवतीवहिनी चण्यांत खोबऱ्याचे तुकडे घालते, त्यामुळे त्या दिवशी गर्दी जरा जास्तच होते. गीत दरवर्षी त्यांच्या वतीने काकी काढते. बळीराम नेहमीसारखा विचारायला गेला, तर काकीने मान हलवली. "एरॉलला सांग." तो एरॉलकडे गेला. एरॉल म्हणाला, "काका, तुमच्या घरचं गाणं म्हणजे काकीचा मान. मी त्याच्यात कसा घुसू?" पोरगा तसा चांगला आहे, हे मी आधीच सांगितलं. पण त्यामुळे गरीब बिचाऱ्या बळीरामला स्वतःच गायची वेळ आली.

संध्याकाळी बळीराम इस्त्रीचा सदरा घालून क्रूसासमोर उभा राहिला. खाकरला, हात जोडले आणि गायला लागला. पहिल्याच ओळीला सगळ्यांच्या माना वर झाल्या. बळीरामने काढलं होतं मयतीचं गीत! घरातून शवपेटी उचलताना म्हणतात ते. समोर मोगऱ्याचा हार, मेणबत्त्या, बाजूला चण्यांचं भलंमोठं पातेलं, आणि हा माणूस डोळे मिटून मेलेल्याला निरोप देतोय. सत्यवतीवहिनी काही न कळता भक्तिभावाने हात जोडून उभी. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एरॉलने खोक्यावर ताल धरून पाहिला, पण त्याला गीतच माहीत नव्हतं. त्याने हात मांडीवर ठेवले. दुसऱ्या ओळीपासून बळीरामची चाल घसरली, तिसऱ्या ओळीचे शब्द त्याने स्वतःच्या मनाने घातले. आणि चौथी सुरू व्हायच्या आत काकी ताडकन उठली.

"बळीराम, थांब! माणूस मेलं नाय, पण तू गाण्याला मारतोस!"

सगळे हसले. बळीराम ओशाळला. "प्रिस्काबाय, मना दुसरं येतच नाय. इथं माजं ध्यान चन्यांच्या पातेल्यात, तुमचं गानं मी नीट ऐकतो ते मयतीला. खांदा द्यायला येतो, तवा कानावर पडतं."

"म्हणून ते इथं म्हणायचं?"

तो तिच्या जवळ सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "निकोलसच्या येलेला ते कोनी म्हनलंच नाय. तू रडत व्हतीस. बाकीची एकमेकांच्या तोंडाकडं बघत रायली, आनि आमी तशीच पेटी उचलली. मना ते लय लागलं. तवापासून शिकतोय. तुझ्या येलेला कोन म्हननार? मी म्हनलं तर हे असं व्हनार."

आता कुणी हसलं नाही. काकी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि त्याच्या खालचं दुःख मला पहिल्यांदा दिसलं. नवऱ्याला गाण्याशिवाय पाठवलं, हे ती इतकी वर्षं कुणाशीही बोलली नव्हती. तिने एक हात कमरेवर ठेवला, दुसरा कानावर नेला आणि तेच गीत पहिल्यापासून काढलं. आम्हांला जमेल तेवढं आम्ही मागून म्हटलं. निकोलसकाकांचं राहून गेलेलं गाणं त्या संध्याकाळी क्रूसासमोर पुरं झालं. अर्ध्यावर एरॉलची बोटं खोक्यावर अगदी हलकेच पडायला लागली. काकीने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, पण ती गायची थांबली नाही. मग तिनेच मातेचं गीत काढलं, लदीन झाली, आणि चणे नेहमीसारखेच कमी पडले.

काकीची मतं बदलली असं कुणी समजू नये. खोकं लग्नातच शोभतं, असं ती अजूनही एरॉलच्या तोंडावर सांगते, आणि एरॉलही तिच्या चालीला झोपेची गोळी म्हणतो. पण आता रविवारी दुपारी तो खोकं घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसतो, आणि त्याच्याबरोबर चार पोरंही येतात. पहिल्या दिवशी त्याने गाणं रेकॉर्ड करायला मोबाइल काढला, तर काकीने तो तांदळाच्या डब्यावर नेऊन ठेवला. गाणं गळ्यात घ्यायचं, खिशात नाही, असं म्हणाली. तिने पहिलं गीत शिकवायला घेतलं ते मयतीचंच. बळीरामही कोपऱ्यात बसून शिकतो, त्याचा सूर अजून घसरतो. कुंपणाच्या अलीकडे पडवळ तोडता तोडता मी हे सगळं ऐकते.

परवा एरॉल म्हणाला, "काकी, चाल आता बसली. पण थोडी फास्ट घेऊया का? पेटी उचललेली माणसं किती वेळ उभी राहणार?"

"राहू दे उभी," काकी म्हणाली. "हळू म्हण, मेल्या. मी अजून हाय. मला पोचवायची एवढी घाई कसली?"