काचेवरची कार्डं

त्या थिएटरात सिनेमा सुटला की प्रत्येकाच्या हातात एक कोरं कार्ड द्यायचं, ही मॅनेजरची लाडकी टूम. मत लिहून पेटीत टाका म्हणे! चांगलं मत असेल तर खळ लावून तिकीटखिडकीशेजारच्या काचेवर, वाईट असेल तर टोपलीत. आणि हे चिकटवायचं काम कोणाच्या गळ्यात? टॉर्चवाल्या बाईंच्या. सतरा वर्षं त्यांनी अंधारात लोकांना खुर्च्या दाखवल्या, पण कोणाच्या मताशी त्यांना कधी काही देणंघेणं नव्हतं.

हा सिनेमा आला आणि सगळं बिनसलं. सिनेमा एका बॉक्सरवरचा. रिंगमध्ये त्याला ‘हातोडा’ म्हणायचे. तीन पदकं, दारू, दोनदा तुरुंग आणि चाळिशीच्या आत खेळ खलास. हा हातोडा बाईंचा नवरा होता, हे थिएटरात कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांची पोर काखोटीला मारून त्यांनी त्याचं घर सोडलं, त्याचं रडगाणं कोणाला ऐकवलं नाही. पोरीलाही नाही. “तुझा बाप मोठा बॉक्सर होता, आमचं पटलं नाही,” एवढंच. अभिमान वाटायला पोरीला निदान बाप तरी असू दे, असा त्यांचा हिशेब. आता पोर एकोणीस वर्षांची होती आणि बापाचा फोटो तिच्या टेबलावर होता.

बाई जेवताना डाव्याच बाजूने चावायच्या. लेक विचारायची, तेव्हा “दाढ किडलीय गं” म्हणून वेळ मारून न्यायच्या.

पण लोकांची ती मतं! चार दिवसांत बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बायकोने समजून घेतलं असतं तर वाचला असता बिचारा.’ बिचारा! ‘अशा कलंदर माणसाला संसारात अडकवू नये.’ अरे मेल्या, अडकवलं कोणी? आणि दर तिसऱ्या कार्डावर तेच तुणतुणं: ‘बायको त्याच्या हातांना पट्टी बांधते तो सीन म्हणजे कळस! काय ते प्रेम!’

तो सीन धड खोटाही नव्हता, हीच तर खरी चीड. मरायच्या आधी हातोडा कुणा पत्रकाराला म्हणाला होता, “घरी माझ्या हातांना पट्टी बायकोच बांधायची.” खरं बोलला, पण अर्धंच बोलला. सिनेमावाल्यांनी त्या अर्ध्याच्या मागे बासरी लावली, खिडकीतून छान ऊन सोडलं आणि हॉलभर लोक नाकं पुसायला लागले. बाई टॉर्च विझवून भिंतीला टेकायच्या आणि सीन संपायची वाट बघायच्या.

शनिवारी दुपारच्या खेळाला लेक आली. “रद्दी सिनेमा आहे, जाऊ नकोस,” असं बजावलं होतं, तरी आली. पट्टीच्या सीनला ती ओढणीत तोंड घालून रडली, ते बाईंनी दारातून पाहिलं. सुटल्यावर तिने कार्ड लिहिलं, आईकडे न बघता पेटीत टाकलं आणि पायऱ्यांपाशी मैत्रिणीची वाट बघत उभी राहिली.

मॅनेजरने पेटी उघडली. “वा! बाई, हे मधोमध लावा.” अक्षर बाईंनी लांबूनच ओळखलं. ‘इतका जीव लावणाऱ्या माणसाला सोडून जाणारी बाई दगडच असणार.’

बाईंनी ते लावलं. मधोमध. खळ बोटांवर तशीच. मग एक कोरं कार्ड ओढलं आणि पेन्सिलीचं टोक मोडेल इतक्या जोरात लिहायला लागल्या.

‘पट्टी मीच बांधायचे. मॅचच्या आधी नाही. घरी, मला मारायच्या आधी. हाताला इजा झाली तर पुढची मॅच बुडेल, म्हणून तो दोन्ही हात पुढे करायचा आणि म्हणायचा, नीट बांध. मी नीट बांधायचे. त्याची बायको.’

लेकीच्या कार्डाशेजारी त्यांनी ते थापलं. मॅनेजर वाचून धावला. “अहो, हे काय! वाईट मतं टोपलीत टाकायची!”

“हात तर लावून बघा!” बाई अशा कडाडल्या की तिकिटाची रांग वळून बघायला लागली. “चार दिवस तुमच्या त्या बासरीला लोक रडतायत. आता हेही वाचू दे त्यांना. फुकट आहे!”

आवाज ऐकून लेक आली. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मॅनेजर काहीतरी बोलत होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने नखाने आपलं कार्ड सोडवलं, खळ अजून ओली होती, आणि ते टोपलीत टाकलं.

मग आईच्या उजव्या गालाकडे बघत ती म्हणाली, “दाढ कधी किडलीच नव्हती ना गं?”

“नाही,” बाई म्हणाल्या.